तळटीपा, ‘तत्रैव’ आणि पॅनडॉक : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

संदर्भनोंदी आणि संदर्भसूची कमांड लाइनवरून तयार करण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. मासिकाच्या पद्धतीप्रमाणे कमांडमधील शब्द, फायलींची नावे आणि नोंदींच्या खुणा येथे देवनागरीत छापल्या आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीत टंकावयाच्या आहेत, आणि त्यांतील आकडेही रोमनच, म्हणजे 1, 2, 3 असे, ठेवावयाचे आहेत.

प्रश्न : इतिहास विषयातील माझा पीएच.डी.चा प्रबंध वर्डमध्ये आहे. मार्गदर्शकांच्या सूचनेवरून दुसऱ्या प्रकरणातील काही भाग चौथ्या प्रकरणात हलवला, तेव्हा तळटीपांतील ‘तत्रैव’ (त्याच ग्रंथात) आणि ‘उनि’ (उपरिनिर्दिष्ट, म्हणजे वर सांगितलेला) भलत्याच ग्रंथांना लागू होऊ लागले. एका मित्राने पॅनडॉक वापरण्याचा सल्ला दिला आहे. हे नेमके काय आहे, आणि कमांड लाइनची सवय नसलेल्याने त्या वाटेला जावे का?
— संशोधक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ‘तत्रैव’चा अर्थ त्याच्या लगेच वरच्या टिपेत कोणता ग्रंथ आहे यावर अवलंबून असतो, आणि हाताने टंकलेल्या ‘तत्रैव’च्या बाबतीत हा संबंध केवळ लेखकाच्या डोक्यात असतो; वर्डच्या लेखी ती निव्वळ अक्षरे असतात. मजकूर हलला की टीपही हलते, तिचा क्रमांकही आपोआप बदलतो, पण तिचा अर्थ मागे राहतो. तळटीपांची संख्या शेकड्यांत गेली की हे दोष डोळ्यांनी शोधणे जवळजवळ अशक्य होते, आणि परीक्षकाला मात्र ते नेमके सापडतात.

पॅनडॉक हे दस्तऐवजाचे एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात रूपांतर करणारे मुक्त सॉफ्टवेअर आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी ते २००६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केले. त्याला खिडक्या, बटणे, मेनू असे काही नाही. टर्मिनलमध्ये, म्हणजे संगणकाला टंकून आज्ञा देण्याच्या चौकटीत, एक ओळ लिहावयाची आणि तयार फाइल घ्यावयाची, एवढाच त्याच्याशी व्यवहार असतो. संदर्भनोंदींचे काम त्यातील साइटप्रॉक हा भाग करतो. पूर्वी तो स्वतंत्रपणे बसवावा लागत असे. २०२० मध्ये आलेल्या २.११ या आवृत्तीपासून तो पॅनडॉकमध्येच अंतर्भूत झाला. आंतरजालावरील जुनी मार्गदर्शने वाचताना हे ध्यानात ठेवावे, कारण त्यांतील कमांड आज तशाच्या तशा लागू पडत नाहीत.

या पद्धतीत आपले काम तीन फायलींत विभागले जाते. पहिली प्रबंधाच्या मजकुराची साधी फाइल, जी मार्कडाउन नावाच्या सोप्या खुणांनी लिहिलेली असते. दुसरी ग्रंथांच्या नोंदींची फाइल, जिच्यात प्रत्येक ग्रंथाचा लेखक, शीर्षक, प्रकाशक, स्थळ, वर्ष वेगवेगळ्या रकान्यांत असतात आणि प्रत्येक नोंदीला एक खूण असते. तिसरी शैलीची फाइल, म्हणजे स्वल्पविराम कोठे, तिरपे अक्षर कोठे, वर्ष कंसात की शेवटी, याचे नियम. हे नियम सीएसएल या भाषेत लिहिलेले असतात आणि झोटेरो या संदर्भ जतन करण्याच्या सॉफ्टवेअरच्या शैलीसंग्रहात अशा दहा हजारांहून अधिक शैली विनामूल्य मिळतात. एमएलए, एपीए, शिकागो या प्रचलित संदर्भपद्धतींच्या तर आहेतच. मजकुरात आपण ग्रंथाचे नाव लिहीतच नाही, [@कुलकर्णी१९९८, ४५] अशी खूण करतो, म्हणजे त्या नोंदीचा ग्रंथ आणि पृष्ठ ४५. मग ही कमांड द्यावयाची :

पॅनडॉक प्रबंध.एमडी --साइटप्रॉक --बिब्लिऑग्रफी=ग्रंथ.बिब --सीएसएल=शैली.सीएसएल -ओ प्रबंध.डॉकएक्स

शैली तळटिपांची असेल तर प्रत्येक खुणेची तळटीप होते, आणि लागोपाठ दोन टिपांत तोच ग्रंथ आला तर दुसऱ्या ठिकाणी ‘तत्रैव’ लिहावयाचे की नाही हे शैली ठरवते. परिच्छेद कोठेही हलवा. कमांड पुन्हा चालवली की कोणती टीप कोणत्या टिपेच्या खाली आहे याचा हिशेब नव्याने होतो. उद्या मार्गदर्शकांनी तळटिपांऐवजी कंसात लेखक आणि वर्ष मागितले तर फक्त शैलीची फाइल बदलावी लागते. जाता जाता : शिकागो पद्धतीच्या २०१७ च्या सतराव्या आवृत्तीने ‘तत्रैव’ला समांतर असलेल्या लॅटिन शब्दाऐवजी लेखक व संक्षिप्त शीर्षक देण्याची शिफारस केली आहे. मराठी प्रबंधांनीही ‘उनि’च्या बाबतीत तिचा विचार करावा असे माझे मत आहे, कारण दीडशे पाने मागे जाऊन ‘उपरिनिर्दिष्ट’ काय होते हे शोधण्याची शिक्षा वाचकाला का द्यावी, याचे समाधानकारक उत्तर मला कधी मिळालेले नाही.

आता आपल्या मूळ शंकेकडे. कमांड लाइनची भीती दोन दिवसांत जाते. वेळ लागतो तो नोंदींची फाइल भरण्यास. प्रबंध दोन-तीन महिन्यांत सादर करावयाचा असेल तर पद्धत बदलू नये, हाताशी असलेल्या टिपा एकदा पूर्ण विस्ताराने लिहून घ्याव्यात आणि ‘तत्रैव’ सर्वांत शेवटी घालावे. वर्षभर हाती असेल तर मात्र आजच सुरुवात करावी. पॅनडॉक वर्डची फाइल वाचूनही मार्कडाउन तयार करते, त्यामुळे लिहिलेला मजकूर पुन्हा टंकावा लागणार नाही. जुन्या तळटिपांच्या जागी खुणा घालण्याचे काम मात्र एकेक करूनच होईल.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात संशोधकांसाठी मराठी ग्रंथांच्या नोंदींची सामाईक फाइल तयार करीत आहोत. इंग्रजी ग्रंथांच्या नोंदी नीट उमटतात. मराठी नावे कधी उलटी होतात, संस्थांच्या नावांचे तुकडे पडतात, आणि शके दिलेल्या जुन्या ग्रंथांचे वर्ष कसे लिहावे हे कळत नाही. दप्तरातील कागदपत्रांचे काय करावे?
— ग्रंथपाल, रत्नागिरी

उत्तर : आपण योग्य ठिकाणी हात घातला आहे. इंग्रजी लेखांच्या नोंदी डीओआय या लेखाच्या कायम ओळखक्रमांकावरून तयार मिळतात. मराठी ग्रंथांना तो क्रमांक बहुधा नसतो, त्यामुळे नोंद हाताने भरावी लागते आणि ती कोणीतरी एकदाच नीट भरणे हाच खर्च वाचवण्याचा मार्ग आहे.

प्रथम नावे. नोंदींच्या बिब फाइलची रचना बिबटेक या संदर्भसूची करणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरपासून आली. ती लेस्ली लॅम्पोर्ट आणि ओरेन पटाश्निक यांनी १९८५ मध्ये तयार केली आणि तिच्यातील नावांचे नियम युरोपीय नावांवर बेतलेले आहेत. स्वल्पविराम नसेल तर शेवटचा शब्द आडनाव मानला जातो, आणि मधला शब्द आडनावाचा उपसर्ग आहे की नाही हे तो लहान लिपीतील अक्षराने सुरू होतो का यावरून ठरते. देवनागरीत लहान-मोठी लिपी नाही, तेव्हा हा निकष आपल्या नावांना लावण्यात अर्थ नाही. म्हणून प्रत्येक नाव ‘आडनाव, नाव वडिलांचे नाव’ या क्रमाने आणि मध्ये स्वल्पविराम देऊनच लिहावे. एकाहून अधिक लेखक असतील तर दोन नावांमध्ये रोमन लिपीतील ‘अँड’ हाच शब्द हवा. तेथे ‘व’ किंवा ‘आणि’ लिहिले तर दोन लेखकांचा मिळून एक विचित्र लेखक होतो. आद्याक्षरांचा निर्णय यंत्रावर सोपवू नये. काही शैली नावांची आद्याक्षरे स्वतः करतात, पण ‘विष्णु’चे आद्याक्षर ‘वि.’ होते, ‘व.’ नव्हे, हे मराठी वाचकाला जितके उघड आहे तितके नियमांच्या फायलीला नाही. ग्रंथावर ‘वि. का.’ असे असेल तर नोंदीतही तसेच लिहावे.

ज्यांना आडनाव नाही किंवा जे आडनावाने ओळखले जात नाहीत, अशा लेखकांसाठी, उदाहरणार्थ ज्ञानेश्वर, तुकाराम, मोरोपंत यांच्यासाठी, नाव दुहेरी महिरपी कंसांत घालावे. दुहेरी कंसातील मजकूर अखंड मानला जातो, त्याचे नाव आणि आडनाव असे तुकडे होत नाहीत. संस्थांनाही हाच उपाय. ‘भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था’ किंवा ‘भारत इतिहास संशोधक मंडळ’ हे नाव एकेरी कंसात दिले तर ‘संस्था’ आणि ‘मंडळ’ ही आडनावे होऊन बसतात. आपल्या पत्रातील तुकडे पडण्याची तक्रार याचीच आहे. एवढे करूनही एखाद्या शैलीत देवनागरी नावांचा क्रम किंवा मधला स्वल्पविराम मनासारखा येत नसेल, कारण सीएसएल शैलींची घडण आणि चाचणी मुख्यतः लॅटिन लिपीतील नावांवर झालेली असते, तर व्यक्तींची नावेही दुहेरी कंसांत ‘कुलकर्णी, वि. का.’ अशी संपूर्ण लिहिता येतात. ती छापली जातात जशीच्या तशी, आणि क्रमही आडनावानेच लागतो. मात्र मग कंसातल्या संदर्भात सगळे नाव येते. ते नको असेल तर खुणेच्या ॲट चिन्हापूर्वी एक उणे चिन्ह द्यावे, म्हणजे लेखकाचे नाव गाळून वर्ष आणि पृष्ठ तेवढे येते, आणि वाक्यात ‘कुलकर्णी यांनी दाखवल्याप्रमाणे’ असे आपण स्वतः लिहावे. मराठीत नावाला विभक्तिप्रत्यय लागतात, त्यामुळे ही सवय तशीही उपयोगाची आहे.

शकाचा प्रश्न. शालिवाहन शकाचे वर्ष गुढीपाडव्याला सुरू होते. शकाच्या आकड्यात पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९ मिळवले की इसवी सन येतो. ग्रंथावर महिना नसेल तर कोणते हे ठरवता येत नाही. अशा वेळी अंदाजाने एकच सन लिहू नये. तारखेच्या रकान्यात १८९३/१८९४ असे तिरप्या रेघेने दोन्ही लिहावेत आणि टिपेच्या रकान्यात ‘शके १८१५’ हा मूळ उल्लेख ठेवावा. सन रोमन आकड्यांतच असावा, नाहीतर तो तारीख म्हणून वाचला जाईल याची खात्री नाही आणि वर्षावरून लावलेला क्रम कोलमडतो. वर्षच नसलेल्या ग्रंथाच्या नोंदीत हा रकाना रिकामा सोडावा. ‘सन नाही’ असे त्यात भरू नये, कारण ते शब्द छापण्याचे काम शैलीचे आहे. आवृत्तीचा रकाना मात्र उलट : तेथे नुसता २ लिहिला तर इंग्रजी क्रमवाचक उमटतो, तेव्हा ‘दुसरी आवृत्ती’ असे शब्दच लिहावेत.

दप्तरातील कागदांसाठी बिबऐवजी सीएसएलच्या याएमएल या साध्या मजकुराच्या स्वरूपातील दुसरी फाइल ठेवावी. बिब्लिऑग्रफी हा पर्याय कमांडमध्ये दोनदा देता येतो आणि दोन्ही फायली एकत्र वाचल्या जातात. नोंदीचा प्रकार हस्तलिखित, ‘आर्काइव्ह’ या रकान्यात पुणे पुरालेखागार, आणि ‘आर्काइव्ह लोकेशन’ या रकान्यात पेशवे दप्तराचा रुमाल क्रमांक व पुडके. कागदाला शीर्षक नसते, म्हणून ‘अमक्याचे तमक्यास पत्र’ असे वर्णन शीर्षकाच्या जागी लिहावे. सर्वच शैली पुरालेखांचे हे रकाने छापतात असे नाही. शैली निवडताना अशी एक नोंद आधी चालवून पाहावी.

प्रश्न : सगळे जुळले, पण मराठी सूचीत मध्येच ‘एड.’, ‘अँड’, ‘पी.’ असे इंग्रजी संक्षेप येतात, आणि पृष्ठांक रोमन आकड्यांत. प्रत्येक वेळी तयार फायलीत ‘शोधा आणि बदला’ करणे हाच मार्ग आहे का?
— एम.ए. मराठीची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : तो मार्ग नाही, कारण कमांड पुन्हा चालवली की सगळे बदल पुसले जातात. सीएसएलमध्ये विरामचिन्हांचे नियम आणि भाषेतील शब्द वेगळे ठेवलेले असतात. हे शब्द भाषावार फायलींतून येतात, पण शैलीच्या फायलीतच ‘लोकेल’ नावाचा भाग जोडून ते आपल्याला बदलता येतात, आणि शैलीत दिलेले शब्द बाहेरच्या फायलीवर मात करतात. शैलीची फाइल ही एक्सएमएल फाइल असते. ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडावी, माहितीचा आरंभीचा भाग संपतो तेथे लोकेलचा भाग घालावा, त्याची भाषा ‘एमआर’ (मराठीचा संकेत) ठेवावी आणि एकेक संज्ञा लिहावी : संपादकासाठी ‘संपा.’, अनुवादकासाठी ‘अनु.’, पृष्ठासाठी ‘पृ.’, दोन नावांमध्ये ‘आणि’, अनेक लेखकांसाठी ‘व इतर’, पुनरुक्तीसाठी ‘तत्रैव’. संज्ञांची इंग्रजी नावे सीएसएलच्या अधिकृत तपशिलात दिलेली आहेत. नंतर मजकुराच्या फायलीच्या डोक्यावर भाषेची नोंद ‘एमआर’ अशी करावी, म्हणजे कोणत्या भाषेचे शब्द घ्यावयाचे हे साइटप्रॉकला कळते. बदललेली शैली वेगळ्या नावाने जतन करावी, मूळ फाइलीवर लिहू नये.

यात एक गुंता उरतो, तो प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. सूचीत इंग्रजी ग्रंथही असतील तर त्यांच्या नोंदींतही ‘संपा.’ आणि ‘पृ.’ येईल. मला स्वतःला हे योग्यच वाटते : प्रबंध मराठीत आहे, तर त्याच्या नोंदींतील असे संक्षेपही मराठीच असावेत, आणि इंग्रजीत लिहिणाराही मराठी ग्रंथाची नोंद देताना ‘संपा.’ लिहीत नाही. मार्गदर्शकांना हे मान्य नसल्यास दोन सूची वेगळ्या कराव्या लागतील. त्याविषयी पुढील उत्तरात लिहिले आहे.

मराठी नोंदींवर भाषेची खूण करणे हेही याच कामाचा भाग समजावे. बिब फाइलीत ‘लँगआयडी’ या रकान्यात मराठी असे लिहिले की इंग्रजी शीर्षकांसाठीचे लहान-मोठ्या लिपीचे नियम त्या नोंदीला लागत नाहीत. देवनागरी शीर्षकाला त्याने फरक पडत नाही, पण रोमन लिप्यंतरात दिलेल्या मराठी शीर्षकातील विशेषनामे अन्यथा लहान अक्षरांत उतरतात आणि ते फार वाईट दिसते.

आकड्यांसाठी ल्युआ फिल्टर, म्हणजे रूपांतर होताना मजकुरात बदल करणारी छोटी आज्ञावली, लिहावा. ल्युआ ही लहानशी भाषा पॅनडॉकमध्येच बसवलेली आहे, वेगळे काही घ्यावे लागत नाही. दहा आकड्यांच्या दहा जोड्या देऊन शब्दाशब्दांतील आकडे बदलणारा फिल्टर डझनभर ओळींत होतो. दोन गोष्टी सांभाळाव्यात. कमांडमध्ये साइटप्रॉक आधी आणि फिल्टर नंतर असावा, कारण पॅनडॉक ते लिहिलेल्या क्रमानेच चालवते. क्रम उलटा झाला तर सूची तयार होण्यापूर्वीच फिल्टर येऊन गेलेला असतो आणि सूचीतील आकडे रोमनच राहतात. दुसरे, फिल्टरने दुवे वगळले पाहिजेत. संकेतस्थळाच्या पत्त्यातील आणि डीओआयमधील आकडे देवनागरी झाले तर छापील पत्ता वाचून टंकणाऱ्याला तो उघडणार नाही.

प्रश्न : विद्यापीठाला सूची ‘आधारग्रंथ’, ‘संदर्भग्रंथ’, ‘नियतकालिके’, ‘संकेतस्थळे’ अशा विभागांत आणि प्रत्येक विभागात मराठी वर्णक्रमाने हवी आहे. पॅनडॉक एकच सलग सूची देते. शिवाय एकच लेखिका माझ्या सूचीत दोन वेगळ्या ठिकाणी आली आहे. स्पेलिंग अगदी तेच असताना असे का व्हावे?
— मराठी विभागातील संशोधक, नागपूर

उत्तर : विभागलेली सूची हा साइटप्रॉकचा मूळ स्वभाव नाही. ‘मल्टिबिब’ नावाचा तयार ल्युआ फिल्टर मिळतो; त्यासाठी प्रत्येक विभागाची नोंदींची फाइल वेगळी ठेवावयाची, मजकुराच्या डोक्यावर प्रत्येक फायलीला नाव द्यावयाचे आणि प्रबंधाच्या शेवटी त्या त्या नावाची रिकामी चौकट ठेवावयाची. हा फिल्टर साइटप्रॉकच्या जागी चालतो, दोन्ही एकत्र देऊ नयेत. मजकुरात न उल्लेखलेले पण सूचीत हवे असलेले ग्रंथ ‘नोसाइट’ या नोंदीखाली लिहावेत. तारांकित खूण दिली तर फायलीतील सगळेच येतात. मात्र वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाने सूची फुगवण्याच्या रूढ प्रथेला माझा पाठिंबा आहे असा याचा अर्थ घेऊ नये.

विभागांची मागणी याहून गुंतागुंतीची असेल, आणि अंतिम प्रत पीडीएफच द्यावयाची असेल, तर लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीतील बिबलाटेक आणि बिबर ही जोडी अधिक सरस आहे. तिच्यात नोंदीचा प्रकार किंवा आपण दिलेला कळीचा शब्द यांवरून हवे तितके विभाग पाडता येतात, वर्णक्रमासाठी मराठी भाषा सांगता येते, आणि एखादी नोंद हटवादीपणे चुकीच्या जागी येत असेल तर तिच्यापुरती स्वतंत्र क्रमकळ (क्रम लावण्यापुरता वेगळा शब्द) देता येते. मूळ बिबटेक मात्र या कामी घेऊ नये. ते युनिकोड या सर्व लिप्यांच्या सामाईक संकेतप्रणालीच्या पूर्वीच्या काळातले आहे आणि देवनागरीचा क्रम लावणे त्याच्या आवाक्याबाहेर आहे.

वर्णक्रमात डोळ्यांनी तपासण्याच्या जागा थोड्याच आहेत. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ ही संगणकाच्या लेखी जोडाक्षरे आहेत, म्हणून मराठीचा खास नियम लागू झाला नाही तर क्षीरसागर ‘क’च्या शेवटी आणि ज्ञानेश्वर ‘ज’च्या शेवटी येतात, वर्णमालेत ही अक्षरे ‘ळ’नंतर, अगदी शेवटी मोजली जातात. विद्यापीठाला कोणता क्रम अपेक्षित आहे ते विचारून घ्यावे आणि सगळ्या विभागांत तोच ठेवावा.

आपल्या लेखिकेचे दुभंगलेपण बहुधा आडनावातील ‘ऱ’मुळे झाले असावे. ‘गोऱ्हे’, ‘कुऱ्हाडे’ यांसारख्या नावांतील ‘ऱ्ह’ दोन प्रकारे टंकता येते : एकतर ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडून, नाहीतर साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, आत मात्र वेगळे संकेतांक असतात, म्हणून संगणकाला त्या दोन व्यक्ती वाटतात. ‘ॲ’चेही असेच : तो एक वर्ण म्हणून टंकला जातो किंवा ‘अ’वर चंद्र देऊनही. फोनच्या आणि संगणकाच्या कळफलकांवर वेगवेगळ्या वेळी टंकलेल्या नोंदी एकत्र केल्या की हा घोळ हमखास होतो. एक रूप ठरवून संपूर्ण बिब फाइलीत दुसरे बदलून घ्यावे. हे ‘शोधा आणि बदला’ मात्र योग्य आहे, कारण ते मूळ नोंदींत होते.

प्रश्न : आमच्याकडे मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये येतो. त्यावर पॅनडॉक चालेल का? आणि पीडीएफ करताना देवनागरी गायब होते, त्याला काय करावे?
— अक्षरजुळणी व्यावसायिक, मडगाव

उत्तर : चालणार नाही. त्या फायलींत देवनागरी नसतेच. रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरीचे आकार चढवलेले असतात, आणि पॅनडॉकला फॉन्टशी नव्हे तर संकेतांकांशी कर्तव्य असते. आधी परिवर्तकाने युनिकोडमध्ये रूपांतर करावे आणि जोडाक्षरे, रफार व पहिली वेलांटी बारकाईने वाचून घ्यावीत, कारण रूपांतरात हीच सर्वाधिक बिघडतात.

पीडीएफसाठी पॅनडॉक सांगितले नाही तर पीडीएफलाटेक वापरते, आणि त्याला देवनागरी झेपत नाही. कमांडमध्ये ‘पीडीएफ इंजिन’ म्हणून झीलाटेक द्यावे आणि मुख्य फॉन्ट म्हणून देवनागरी असलेला फॉन्ट सांगावा. संदर्भांच्या कामात देवनागरी आणि रोमन दोन्ही शेजारी येतात, म्हणून दोन्ही लिपी असलेला फॉन्ट निवडणे सोयीचे. आयआयटी मुंबईत विद्वत्लेखनासाठी तयार झालेला शोभिका त्या दृष्टीने उत्तम आहे. त्यातील देवनागरी राज्य मराठी विकास संस्थेच्या यशोमुद्रावर आधारलेली आहे.

प्रश्न : मी परदेशात राहून मराठी विषयावर संशोधन करतो. माझे सर्व संदर्भ झोटेरोत आहेत. ते सोडून द्यावे लागेल का? शिवाय माझे मार्गदर्शक फक्त वर्डच्या फायलीत दुरुस्त्या सुचवतात.
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : झोटेरो सोडू नये, नोंदी गोळा करण्यासाठी ते उत्तम आहे. त्याला ‘बेटर बिबटेक’ हे पूरक जोडावे. ते प्रत्येक नोंदीला कायमची खूण देते आणि संग्रहात बदल झाला की बिब फाइल आपोआप पुन्हा लिहिते. मग त्या फायलीत हाताने काही बदलू नये, बदल झोटेरोतच करावेत, अन्यथा पुढच्या वेळी ते पुसले जातील. देवनागरी लेखकांच्या खुणा रोमनमध्ये कशा होतात ते पाहून, पटत नसतील तर स्वतः ठरवून कायम कराव्यात.

मार्गदर्शकांचा प्रश्न अधिक अवघड आहे, आणि या पद्धतीची खरी अडचण तीच आहे. पॅनडॉक वर्डची फाइल चांगली देते. नमुना म्हणून एक संदर्भ फाइल दिली तर मजकुराचा फॉन्ट, तळटिपांची आणि सूचीची मांडणी तिच्यातील परिच्छेद-शैलींवरून घेतली जाते. ‘बिब्लिऑग्रफी’ या परिच्छेद-शैलीत दुसऱ्या ओळीपासूनचा समास एकदा ठरवला की काम झाले. देवनागरीचा फॉन्ट मात्र वर्डमध्ये जटिल लिपींसाठीच्या वेगळ्या रकान्यात निवडावा लागतो. परंतु या फायलीतील संदर्भ हे गोठलेले अक्षर असते, त्याचा मूळ नोंदीशी संबंध तुटलेला असतो. मार्गदर्शकांनी त्यात केलेल्या दुरुस्त्या पॅनडॉकला वाचता येतात. ‘ट्रॅक चेंजेस’ हा पर्याय ‘ऑल’ असा दिला तर कोणी काय घातले आणि काय काढले ते मार्कडाउनमध्ये खुणांसह दिसते. तरीही त्या दुरुस्त्या मूळ फायलीत आपल्यालाच एकेक करून उतरवाव्या लागतात, आणि तसेच करावे. परत आलेल्या वर्ड फायलीलाच नवी मूळ प्रत करण्याचा मोह टाळावा, कारण तिच्यात खुणा नाहीत. प्रकरण पाठवताना कमांडमध्ये ‘फेल इफ वॉर्निंग्ज’ हा पर्यायही जोडावा. एखादी खूण नोंदींत सापडली नाही तर साइटप्रॉक एरवी केवळ सूचना देते आणि मजकुरात त्या खुणेपुढे ठळक प्रश्नचिन्ह छापून मोकळे होते; या पर्यायाने खूण दुरुस्त होईपर्यंत कमांड अयशस्वी ठरते, आणि ती चूक मार्गदर्शकांच्या आधी आपल्या नजरेस पडते.